न दिसणारे वेढे

घरातली पाण्याची मोटार जळाली की आपण ती रिवाइंडिंगच्या दुकानात नेतो. दोन दिवसांनी ती भरून मिळते. वर वार्निश चकाकत असते, वायरींची टोके नीट बांधलेली असतात आणि कारागीर आपल्यासमोर मोटार फिरवून दाखवतो. आपण पैसे देतो आणि घरी येतो. आत किती वेढे घातले, तार किती जाडीची घातली, ती तांब्याची की ॲल्युमिनियमची, यातले काहीही आपण पाहिलेले नसते. सोने तोलून आणि दूध मापून घेणारे आपण ही एक वस्तू मात्र निव्वळ विश्वासावर घेतो.

या न दिसणाऱ्या वेढ्यांनाही एक तराजू आहे. तो बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असतो आणि आपली मुले-मुली परीक्षेपुरता त्याचा उपयोग करून विसरून जातात. विजेची धारा वाहणाऱ्या कुंतलात किती चुंबकीय फ्लक्स तयार होतो, याचे ते गणित आहे. मी ते पुस्तकात शिकले, पण त्याचा अर्थ मला अब्बांच्या दुकानात कळला.

दुकानाच्या मागचे घर

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या एका गावात अब्बांचे रिवाइंडिंगचे दुकान होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागांना पाणी लागते. त्या दिवसांत दुकानाबाहेर जळक्या मोटारींची रांग लागायची. मोटारींशिवाय पंखे, मिक्सर, स्टॅबिलायझर आणि बॅटरी चार्जरचे ट्रान्सफॉर्मरही यायचे. दुकानाच्या मागेच आमचे घर. वार्निशचा वास आमच्या कपड्यांनासुद्धा यायचा.

अब्बा सातवीपर्यंत शिकलेले. मी बारावी सायन्सला होते. दुकानातला दिवा चांगला म्हणून मी संध्याकाळी तिथेच एका स्टुलावर वही घेऊन बसायचे. एकदा कुंतलाचे गणित सोडवताना मी मोठ्याने म्हणाले, "अब्बा, हे पाहा. वेढे कमी केले की आतले चुंबकत्व कमी होतं."

हाताने वाइंडिंग मशीन फिरवत अब्बा म्हणाले, "तुझ्या वहीत होत असेल, बेटा. माझ्या टेबलावर उलटं होतं. वेढे कमी घातले की लोखंडात जास्त भरतं. मग ते तापतं."

मी गप्प बसले. मनात मात्र म्हटले, अब्बांना हाताचे काम येते, शास्त्र कुठून येणार? अब्बांचे म्हणणे बरोबर होते आणि माझेही. दोघांची उत्तरे एकमेकांच्या उलट असूनही बरोबर कशी, हे समजायला मला दोन महिने लागले.

वहीतले गणित

आधी माझ्या वहीतले गणित पाहू. पुठ्ठ्याची एक नळी घ्या. तिची लांबी २० सेंटिमीटर आणि व्यास ४ सेंटिमीटर. तिच्यावर इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे ४०० वेढे शेजारी शेजारी गुंडाळा. अशा लांबट कुंतलाला पुस्तकात नालकुंतल म्हणतात. तारेतून १ अँपिअर धारा सोडली, तर नळीच्या आत किती चुंबकीय फ्लक्स असेल?

फ्लक्स म्हणजे काय, हे खिडकीतून येणाऱ्या उन्हावरून समजते. खोलीत एकूण किती ऊन येते, ते दोन गोष्टींवर ठरते : ऊन किती कडक आहे आणि खिडकी किती मोठी आहे. चुंबकाचेही तसेच आहे. क्षेत्र किती तीव्र आहे याला वेढ्याच्या आतल्या जागेच्या क्षेत्रफळाने गुणले की फ्लक्स मिळतो. ऊन तिरपे आले तर कमी येते, तसे क्षेत्र वेढ्याला तिरपे असेल तर फ्लक्सही कमी होतो. नालकुंतलात क्षेत्र नळीच्या लांबीला समांतर, म्हणजे वेढ्यातून सरळ पार जाते. त्यामुळे इथे तिरपेपणाचा प्रश्न येत नाही.

पहिली पायरी, क्षेत्राची. एका मीटर लांबीत किती वेढे बसतात ते काढा. २० सेंटिमीटरमध्ये ४००, म्हणजे मीटरला २०००. याला धारेने, म्हणजे १ ने गुणा. मग हवेच्या स्थिरांकाने गुणा. हा स्थिरांक म्हणजे पायच्या चौपटीला एक कोटीने भागल्यावर येणारी संख्या, सुमारे ०.०००००१२५७. उत्तर आले ०.००२५ टेस्ला.

दुसरी पायरी, क्षेत्रफळाची. त्रिज्या २ सेंटिमीटर म्हणजे ०.०२ मीटर. तिचा वर्ग करून पायने गुणले की ०.००१२५७ चौरस मीटर येतात. अर्धी मुले इथे चुकतात, कारण ती सेंटिमीटरचे मीटर करत नाहीत.

तिसरी पायरी, गुणाकाराची. क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ म्हणजे सुमारे ०.००००0३२ वेबर, अर्थात ३.२ मायक्रोवेबर. हा एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स झाला. प्रश्नात संपूर्ण कुंतलाशी निगडित फ्लक्स विचारला असेल, तर याला पुन्हा ४०० ने गुणायचे. प्रश्न नीट वाचला नाही तर इथेही गुण जातात.

हे उत्तर नळीच्या मध्यभागाचे आहे. नळीच्या टोकाशी रेषा बाहेर पसरू लागतात, त्यामुळे तिथले क्षेत्र जवळपास निम्मेच उरते.

आता वेढे ४०० ऐवजी ३०० करा. नळी तीच आणि धाराही तेवढीच ठेवा. मीटरला १५०० वेढे होतील आणि फ्लक्स ३.२ वरून २.४ मायक्रोवेबरवर येईल. वेढे पाऊण झाले, फ्लक्सही पाऊण झाला. मी अब्बांना सांगत होते ते हेच.

किब्लानुमाची साक्ष

हे क्षेत्र डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची साक्ष देणारी वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. ती म्हणजे किब्लानुमा. त्याच्या आतली सुई हे एक छोटे चुंबकच असते. ती उत्तर दाखवते आणि त्यावरून आपण किब्ला ठरवतो. मुंबईहून किब्ल्याची दिशा पश्चिमेच्या साधारण १० अंश उत्तरेला येते. या विद्येचा इतिहास जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस येमेनचा रसूली सुलतान अल-अशरफ याने होकायंत्र कसे तयार करावे आणि त्यावरून किब्ला कसा ठरवावा, हे अरबीत लिहून ठेवले होते.

विजेच्या धारेने ही सुई हलते, हे १८२० मध्ये कोपनहेगनच्या ऑर्स्टेड या प्राध्यापकाने दाखवून दिले. घरीही हे करून पाहता येते. हातभर इनॅमल तारेचे दहा-बारा वेढे घाला, दोन्ही टोकांवरचे इनॅमल खरवडा आणि शेजारी होकायंत्र ठेवून ती टोके क्षणभर टॉर्चच्या सेलला लावा. सुई वळते. टोकांची अदलाबदल केली की ती उलट बाजूला वळते. तार लगेच तापते, म्हणून क्षणभरच लावायची. प्रयोगासाठी खेळण्यातले होकायंत्र घ्यावे, नमाजसाठीचे नको. सुई तीव्र चुंबकाजवळ राहिली तर तिची टोके कायमची उलटू शकतात. त्याच कारणाने किब्लानुमा स्पीकरजवळ किंवा लोखंडी टेबलावर ठेवून दिशा पाहू नये.

आपल्या भागात सुईला उत्तरेकडे वळवणारे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.००००४ टेस्ला आहे. आपल्या पुठ्ठ्याच्या नळीतले क्षेत्र त्याच्या साठपटीहून जास्त आहे. एवढ्या जोरापुढे सुई पृथ्वीचे ऐकत नाही.

दुकानातले उलटे गणित

आता अब्बांच्या टेबलाकडे वळू. मोटारीचे गणित जरा गुंतागुंतीचे असते, कारण तिचे वेढे अनेक खाचांत विभागलेले असतात आणि आतला भाग फिरतो. ट्रान्सफॉर्मर सोपा असतो. त्यात लोखंडी पत्र्यांचा एक गाभा, एका बाजूला २३० व्होल्ट घेणारे वेढे आणि दुसऱ्या बाजूला हवे तेवढे व्होल्ट देणारे वेढे असतात. मूळ नियम मात्र मोटारीलाही तोच लागू होतो.

माझ्या वहीत धारा ठरलेली होती, १ अँपिअर. घरातल्या प्लगवर धारा ठरलेली नसते, व्होल्टेज ठरलेले असते. शिवाय ही वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. सगळा फरक इथूनच सुरू होतो.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने लोखंडाच्या एका कड्यावर दोन वेगवेगळी कुंतले गुंडाळली. वेढ्यांमध्ये कापड आणि सुतळी घालून ते एकमेकांपासून वेगळे ठेवले. एका कुंतलाला बॅटरी जोडली की दुसऱ्याच्या तारेजवळची सुई झटका द्यायची. बॅटरी काढली की पुन्हा झटका. बॅटरी जोडलेलीच राहिली तर काही नाही. म्हणजे फ्लक्स नुसता असून भागत नाही. तो बदलला पाहिजे, तरच वेढ्यात व्होल्टेज उपजते. फॅरेडे लोहाराचा मुलगा होता. शाळा जेमतेम झालेली, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करता करता तो तीच पुस्तके वाचून शिकला. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

आता ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला ९२० वेढे आहेत असे समजा. प्लगमधली वीज सतत बदलते, म्हणून गाभ्यातला फ्लक्सही सतत बदलतो आणि प्रत्येक वेढ्यात थोडे थोडे व्होल्टेज उपजते. हे व्होल्टेज बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजला अडवून धरते. सगळ्या वेढ्यांनी मिळून जवळजवळ २३० व्होल्ट अडवायचे असतात. ९२० वेढे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव व्होल्ट येतो. वेढे ६९० केले तर प्रत्येकाला एक तृतीयांश व्होल्ट पेलावा लागतो. ओझे तेवढेच राहून हात कमी झाले की प्रत्येक हातावरचा भार वाढतो, तसे हे आहे.

एका वेढ्यात जास्त व्होल्टेज उपजायचे तर गाभ्यात फ्लक्सही जास्त पाहिजे. तो आणण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लाइनमधून आपोआप जास्त धारा ओढतो. म्हणून इथे वेढे पाऊण केले की फ्लक्स कमी होत नाही, तो सव्वापटीहूनही जास्त होतो. माझ्या वहीत तीन चतुर्थांश आणि अब्बांच्या टेबलावर चार तृतीयांश. प्रश्नच वेगळा होता, म्हणून उत्तर उलटे होते.

आता आकडे मांडू. नियम असा : व्होल्ट म्हणजे ४.४४ गुणिले ५० गुणिले वेढे गुणिले फ्लक्स. हा ४.४४ आकडा पायच्या दुपटीला २ च्या वर्गमुळाने भागून येतो. गाभ्यातल्या लोखंडाचे निव्वळ क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००१ चौरस मीटर धरू.

वेढे ९२० असताना फ्लक्स येतो ०.००११३ वेबर. क्षेत्रफळाने भागले की क्षेत्र १.१३ टेस्ला.

वेढे ६९० असताना फ्लक्स येतो ०.००१५ वेबर आणि क्षेत्र १.५ टेस्ला.

रात्री लोड कमी होऊन व्होल्टेज २६० पर्यंत चढले, तर या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधले क्षेत्र १.७ टेस्लावर जाते.

लोखंड किती चुंबकत्व घेऊ शकते याला मर्यादा आहे. पाण्याने भरलेला स्पंज आणखी पाणी घेत नाही, तसे ते असते. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या पत्र्यांची ही मर्यादा साधारण दीड टेस्लाच्या पुढे जाणवू लागते. त्यानंतर थोडासा फ्लक्स वाढवायलाही धारा भरमसाट लागते. ही मर्यादा क्षणभर बाजूला ठेवली, तरी नुसत्या हिशेबाने पाऊण वेढ्यांच्या ट्रान्सफॉर्मरची रिकामी धारा, म्हणजे लोड नसतानाची धारा, १.७८ पट होते. त्या धारेने तारेत होणारी उष्णता सव्वादोन पटीहून जास्त होते. मर्यादा ओलांडली की हे आकडे कितीतरी वर जातात. ट्रान्सफॉर्मर मोठ्याने गुणगुणू लागतो, तापतो, इनॅमल करपते आणि एक दिवस धूर निघतो.

दहा वेढ्यांचा तराजू

त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका दुचाकी गॅरेजचा मालक दुकानात आला. त्याचा बॅटरी चार्जर तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडूनच भरून गेला होता.

"चाचा, हा फार गुणगुणतो. रात्रभर लावून ठेवला तर सकाळी हात लावता येत नाही."

अब्बांनी चार्जर लावून दुसऱ्या बाजूचे व्होल्ट पाहिले. १५ पाहिजेत, १५ च होते. शागीर्द म्हणाला, "उस्ताद, लाइनचाच दोष असणार. रात्री व्होल्टेज चढतं."

अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी चार्जर बंद करून प्लग काढला. खोकी उघडली. गाभ्याच्या खिडकीत वेढ्यांच्या बाजूला थोडी फट होती. तिच्यातून त्यांनी रबरी आवरणाची बारीक वायर ओवली आणि गाभ्याभोवती मोजून दहा वेढे घातले. त्या वायरीची टोके मीटरला जोडली आणि मग पुन्हा प्लग लावला. मीटरने ३.३ व्होल्ट दाखवले.

हाच तो तराजू. दहा वेढ्यांत ३.३, म्हणजे एका वेढ्यात ०.३३ व्होल्ट. २३० ला ०.३३ ने भागा, साधारण ६९० वेढे. ९२० वेढे असते तर त्याच दहा वेढ्यांनी २.५ व्होल्ट दाखवले असते. वार्निशखाली झाकलेले वेढे एकही न उलगडता मोजून झाले.

अब्बांनी शागीर्दाकडे पाहिले. "तीनवर भरलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "उस्ताद, तांबं किती महाग झालंय. व्होल्टला चारऐवजी तीन वेढे घातले. दोन्ही बाजूंना तेच प्रमाण ठेवलं, म्हणून आउटपुट बरोबर येतं. दुकानाचाच फायदा होईल म्हणून केलं."

खोटेपणाची जागा नेमकी इथे होती. दोन्ही बाजूंचे वेढे सारख्या प्रमाणात कमी केले की बाहेरचे व्होल्ट बरोबर येतात. गिऱ्हाइकाने मीटर लावला तरी त्याला काही कळत नाही. कळते ते फक्त गाभ्यातल्या लोखंडाला.

"त्याने चारचे पैसे दिलेत," अब्बा एवढेच म्हणाले. मग त्यांनी विचारले, "असे किती भरलेस?"

सात होते. अब्बांनी वहीतून नावे काढली आणि एकेकाला निरोप पाठवून ट्रान्सफॉर्मर परत मागवले. पाच मिळाले. ते त्यांनी पदरच्या तांब्याने पुन्हा भरून दिले. दोन गिऱ्हाइकांचा पत्ता लागला नाही. त्यांच्या कमी पडलेल्या तांब्याची किंमत अब्बांनी त्यांच्या वतीने सदका केली. त्या महिन्यात दुकानात काही उरले नाही. अम्मीने कारण विचारले, ऐकले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

शागीर्दाला त्यांनी काढून टाकले नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बेटा, तुझ्या पुस्तकातलं ते सूत्र याला समजेल असं भिंतीवर लिहून दे." मी खडूने लिहिले : गाभ्याचे क्षेत्रफळ मोजा, फ्लक्स काढा, मग वेढे ठरवा. लिहिता लिहिताच मला कळले की अब्बा दोन महिन्यांपूर्वी काय सांगत होते.

एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. चार हा काही ठरलेला आकडा नाही. गाभ्याचे क्षेत्रफळ जास्त असेल तर वेढे कमी लागतात. पत्रा उंची दर्जाचा असेल तर तो दीड टेस्लावरही आरामात चालतो. म्हणून तीनवर भरणे ही प्रत्येक वेळी फसवणूक नसते. लोखंड काय पेलते हे न पाहता, तांबे वाचवण्यासाठी वेढे कमी करणे आणि पैसे मात्र पूर्ण घेणे, ही फसवणूक आहे. फरक कुठे आहे ते गणित केल्यावरच कळते.

माप दिसत नसले तरी

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने किती कठोर इशारा दिला आहे, हे आपण जाणतो. ८३ व्या सूरहचे नावच अल-मुतफ्फिफीन, म्हणजे मापात कमी देणारे. सूरह अल-हदीदच्या २५ व्या आयतीत तराजू आणि लोखंड या दोन्हींचा उल्लेख एकत्र येतो, तराजूचा न्यायासाठी आणि लोखंडाचा त्यातल्या शक्ती व लाभासाठी. यातून कोणी भौतिकशास्त्राचे सूत्र काढू नये. पण लोखंडावर पोट असलेल्या कारागिराने ही आयत आपल्याच टेबलाविषयी आहे असे समजून वाचली, तर त्याचे काही चुकणार नाही.

सहीह मुस्लिममधली धान्याच्या ढिगाची घटना आपल्याला माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा आपण (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. अब्बा म्हणायचे, "वार्निश म्हणजे वरचं कोरडं धान्य. आत हात घालून बघणारं कोणी नाही, म्हणून आपणच घालून बघायचा."

दुधात पाणी घातले तर पिणाऱ्याला चव कळते. तराजूची दांडी मारली तर कधीतरी पकडली जाते. कमी घातलेल्या वेढ्यांची मात्र चोरी कळायला महिने लागतात आणि तेव्हाही दोष लाइनच्या व्होल्टेजवर जातो. जिथे पकडले जाण्याची भीती नसते, तिथेच अमानत कसाला लागते.

घरच्यांनी काय पाहावे

ही जबाबदारी एकट्या कारागिराची नाही. आपणही काही गोष्टी विचारू शकतो.

तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, हे आधी विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. ॲल्युमिनियमची तार वापरणे हा गुन्हा नाही. तांबे सांगून ॲल्युमिनियम भरणे हा गुन्हा आहे.

जुने वेढे मोजूनच नवे घालणार ना आणि गेज तेच ठेवणार ना, हे विचारावे. २२ गेजची तार ०.७११ मिलिमीटर जाडीची असते, २३ गेजची ०.६१० मिलिमीटर. हाताला हा फरक जाणवतही नाही. पण एवढ्यानेच पाव हिस्सा तांबे कमी होते आणि रोध एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. वेढे पूर्ण असले तरी मोटार तापते.

जुनी तार काढण्यासाठी मोटार उघड्या आगीत जाळू नये, अशी विनंती करावी. जास्त उष्णतेने पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि मग त्यांच्यात भोवऱ्यासारख्या धारा फिरून लोखंड आपोआप तापू लागते.

मोटार घेताना लोड नसताना ती किती अँपिअर घेते, हे क्लॅम्प मीटरवर पाहून बिलावर लिहून घ्यावे. मोटार चांगली असतानाचा आकडा आपल्याकडे असेल तर तुलना करता येते. रिकामी धारा बरीच वाढलेली दिसली की कुठेतरी फ्लक्सचा हिशेब चुकला आहे, असे समजावे. दहा वेढ्यांची चाचणी मात्र घरी करू नये. उघड्या २३० व्होल्टजवळ हात घालण्याचे काम जाणकार कारागिरानेच करायचे असते.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची. तांब्याच्या किमतीपेक्षाही कमी भावात मोटार भरून मागणारे गिऱ्हाईक कारागिराला वेढे कमी करण्याच्या वाटेवर लोटत असते. भाव जरूर करावा, पण मालाची किंमत सोडून मजुरीबद्दल बोलावे आणि मजुरीही मारू नये.

आज मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कुंतलाचा धडा आला की फळ्याच्या एका बाजूला माझ्या वहीतले गणित मांडते आणि दुसऱ्या बाजूला अब्बांच्या टेबलावरचे. एकीकडे उत्तर तीन चतुर्थांश येते, दुसरीकडे चार तृतीयांश. मुली गोंधळतात, मग वाद घालतात, मग त्यांना समजते. शेवटी मी दहा वेढ्यांची गोष्ट सांगते. परीक्षेत हा प्रश्न येत नाही. पण वर्गातल्या कुणाचा भाऊ आयटीआयला असतो, कुणाच्या अब्बांचे दुकान असते, कुणाच्या घरी नुकतीच मोटार भरून आलेली असते. त्या दिवशी हे गणित वहीतून निघून त्यांच्या घरी पोहोचते.

अब्बांचे दुकान आता तोच शागीर्द चालवतो. भिंतीला दोनदा रंग लागला, पण रंग वाळला की खडूने लिहिलेले ते सूत्र तो पुन्हा त्याच जागी लिहितो.